नाव टाकलेलं भांडं

तेराव्यानंतर भांडी परत येऊ लागली.
आधी भरीत कालवायचं मोठं पातेलं,
मग परात, दोन झारे,
बिबड्यांचं पीठ हाटायचा लाकडी चाटू,
जो आमचा आहे हे आम्हीच विसरलो होतो.
प्रत्येकात काहीतरी: मूठभर तूरडाळ, गुळाचा खडा, चार केळी.
धरणगावात भांडं रिकामं परत करत नाहीत.

माझी आई, केवळबाई राजधर चौधरी,
जिनिंगमधल्या काटेवाल्याची बायको,
सगळ्या गल्लीची जिजी.
तिच्या हातांना सकाळी लसणाचा वास यायचा
आणि रात्री फिनेलचा.

आजी अकरा वर्षं खाटेवर होती.
त्या खाटेपाशी जिजी शिकली
माणसाला न उठवता त्याच्याखालची चादर कशी ओढायची,
पाठ लाल झाली तर पावडर, काळी पडली तर डॉक्टर,
आणि लाजणाऱ्या माणसाशी
नेमकं त्या वेळी
कापसाच्या भावाबद्दल बोलायचं.

आजी गेली. आम्हाला वाटलं, जिजी सुटली.
तिनं बेडपॅन घासला, दिवसभर उन्हात ठेवला
आणि तिन्हीसांजेला घेऊन निघाली
भावसारांच्या म्हाताऱ्याकडे.

मी नववीत होते.
भर बाजारातून ती ते भांडं न्यायची,
वर नुसतं एक फडकं,
जसं कुणाकडे पुरणपोळीचं ताट चाललंय.
मी पलीकडच्या बाजूनं चालायचे.

एकदा मला ताप होता
आणि ती रात्रभर शेख मास्तरांच्या उशाशी.
हे मी तिला पुष्कळ वर्षं ऐकवलं.
ती म्हणायची, तुनाजोडे तुना बाप व्हता.
त्यास्नाजोडे कोनीच नव्हतं.
यावर उत्तर नाही.
पटलेलं मात्र अजूनही नाही.

लोक भांडी अदलाबदल करतात म्हणून
ती सगळी घेऊन नाव टाकणाऱ्याकडे गेली.
पातेलं, परात, झारे, आणि शेवटी हे.
त्याचा हात थांबला. बाई, यावर?
टाक ना भाऊ. भांडंच शे ते बी.
त्यानं मान वळवून, घाईघाईत टाकलं.
ळ चा ल झाला.
पैसे तिनं पूर्ण दिले.

मग तिलाच लागलं. पाच आठवडे.
भांडं तेव्हा तेली गल्लीत, निर्मलाच्या आईकडे.
मी म्हटलं, घेऊन येते.
नको मांगू. तिन्या मायले लागस.
मग मेडिकलमधून प्लास्टिकचं आणलं, निळं,
आणि पहिल्यांदा मी आईच्या कमरेखाली हात घातला.
तिनं डोळे मिटून घेतले.
काहीतरी बोलायला हवं होतं.
कापसाचा भाव मला माहीत नव्हता.
मी केळीचा सांगितला, अंदाजानं.
डोळे मिटलेलेच ठेवून ती म्हणाली,
इतला कोठे मियस, येडी.

काल निर्मला आली.
उंबऱ्यावरच घुटमळली, वर्तमानपत्रात काहीतरी गुंडाळलेलं.
राखेनं घासलेलं, लखलखीत,
आत एक नवा साबण, वेष्टनासकट.
रिकामं कसं देऊ, म्हणाली,
आणि यात दुसरं घालणार तरी काय.
आम्ही दोघी हसलो,
सुतकाच्या घरात हसू नये इतक्या मोठ्यानं.
आई कशी आहे, विचारलं.
बसते आता. भिंतीला धरून.

ती गेल्यावर ते कुठे ठेवावं कळेना.
मोरीत ठेवलं, उचललं.
मागच्या दारी ठेवलं, तेही बरं दिसेना.
शेवटी मांडणीवर ठेवलं, पातेल्याच्या शेजारी,
एका रात्रीपुरतं.
दिव्याच्या उजेडात नाव वाचलं.
त्या चुकलेल्या ल मध्ये
थोडी राख अडकून राहिली होती.
काढायला नख नेलं,
आणि राहू दिली.